स्मोकरचं लाकूड: वाळवायचं उन्हाळ्यात, जपायचं पावसाळ्यात

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काटोलकडे शेतावर २०० लिटरच्या लोखंडी ड्रमचा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायचं साधन, करून घेतला. फेब्रुवारीत संत्र्याची जुनी बाग काढली, तिचे ओंडके धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, रचले आणि पाऊस लागायच्या आत चारही बाजूंनी मेनकापडात बांधून टाकले. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, बकऱ्याची मांडी लावली, तर दाट पांढरा धूर निघत राहिला, मटणावर काळपट चिकट थर बसला आणि चव कडू लागली. सहा महिने वाळलेलं लाकूड असं का वागलं आणि पुढच्या सालासाठी ते कसं वाळवावं, कुठं ठेवावं, हे तुम्हाला हवं आहे.

तुमचं लाकूड सहा महिने पडून होतं, पण वाळलं ते फक्त वरून. ओंडके फोडलेले नव्हते, काळ्या मातीवर टेकलेले होते आणि मेनकापडानं त्यांचा वारा बंद केला होता. यात सगळ्यात जास्त नडलं ते मेनकापड.

स्मोकरबद्दल जी माहिती आपल्यापर्यंत येते, ती बहुतेक थंड मुलखातली असते. तिकडे ओक किंवा हिकरी वाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात, म्हणून सगळा भर वाळवण्यावर असतो. आपल्याकडे ते काम ऊन फुकटात करून देतं. एप्रिल-मेमध्ये नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी हवेत दमटपणा जवळपास उरत नाही आणि गरम वारा दिवसभर वाहतो. अशा हवेत नीट फोडलेलं लाकूड एका उन्हाळ्यात वाळतं. आपली खरी अडचण त्यानंतरच्या चार महिन्यांची आहे. आणि मटणाचा आपला हंगामही नेमका तोच: आधी आखाड, मग श्रावण पाळणाऱ्यांचा उपास सुटतो तो करीला. म्हणजे सगळ्यात कोरडं लाकूड लागतं ते सगळ्यात ओल्या दिवसांत. म्हणून मी नेहमी सांगतो, विदर्भात लाकूड वाळवायची काळजी कमी करा आणि जपायची वाढवा.

आता ओल्या लाकडाचा धूर कडू का होतो ते बघू, कारण हे नीट कळलं की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं. ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक नळ्यांमध्ये मोकळं भरलेलं, दुसरं लाकडाच्या तंतूंनी धरून ठेवलेलं. मोकळं पाणी लवकर निघून जातं. कोरड्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के ओल उरली की मोकळं पाणी संपलेलं असतं, आणि तिथून पुढची ओल सावकाश निघते. लाकूड आकसायला, तडकायला लागतं तेही याच टप्प्यापासून. स्मोकरला लाकूड हवं १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान. हिशेब असा: ओलं वजन उणे कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले १००. एखादी ढलपी १२० ग्रॅमची असेल आणि पूर्ण वाळवल्यावर १०० ग्रॅम भरली, तर तिच्यात २० टक्के ओल होती.

पाच किलो लाकडात २० टक्के ओल असेल तर त्यात सुमारे ८३० ग्रॅम पाणी असतं. ४० टक्के असेल तर जवळपास १,४३० ग्रॅम. हे सहाशे ग्रॅम जास्तीचं पाणी आधी वाफ होऊन गेल्याशिवाय लाकडाचा पृष्ठभाग तापत नाही. लाकूड जळतं म्हणजे त्यातून निघणारे वायू जळतात, आणि ते जळायला जाळाची उष्णता लागते. पृष्ठभाग थंड राहिला की वायू अर्धवट जळतात, त्यांतला डांबरासारखा भाग म्हणजे क्रियोसोट धुराबरोबर वर जातो आणि थंड मांसावर बसतो. तुमच्या मांडीवरचा काळपट चिकट थर तो हाच. चांगली चव येते ती लाकडातल्या लिग्निनचं विघटन होताना तयार होणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल अशा द्रव्यांतून, आणि ती हवी तेवढीच मांसावर यायची तर लहान पण तेज विस्तव हवा. तेव्हा धूर पातळ आणि निळसर दिसतो. दाट पांढरा धूर सुरुवातीची काही मिनिटं चालतो. पुढंही निघतच राहिला तर मांस लावू नका, आणि लावलेलं असेल तर बाहेर काढून ठेवा. असा धूर नुसता कडू नसतो. अर्धवट ज्वलनातून बेन्झोपायरीनसारखी घातक द्रव्यं तयार होतात, ती पोरासोरांच्या पोटात जाऊ नयेत.

लाकूड तोडायचं ते दिवाळीनंतर, माघापर्यंत. थंडीत हवा कोरडी असते पण ऊन सौम्य असतं, त्यामुळे ताजं लाकूड हळूहळू ओल सोडतं आणि कमी तडकतं. एप्रिलमध्ये तोडून लगेच रणरणत्या उन्हात टाकलं तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि टोकाला चांदणीसारख्या भेगा पडतात. जळणाला भेगा चालतात, पण स्मोकरसाठी एकसारखे तुकडे करायचे असतील तर अर्धं लाकूड चुऱ्यात जातं.

तोडल्यावर त्याच आठवड्यात फोडा. हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपल्याकडे ओंडके तसेच टाकून ठेवायची आणि लागेल तसं फोडायची रीत आहे. चुलीला ते चालतं, स्मोकरला चालत नाही. लाकडातलं पाणी रेषेच्या दिशेनं, म्हणजे दोन्ही टोकांकडून, आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं निघतं, आणि साल तर त्याला जवळजवळ अडवूनच धरते. म्हणून लांबी कमी ठेवा आणि साल तोडणारी फोड करा. जळणपेटी वेगळी असलेल्या मोठ्या स्मोकरला वीतभरापेक्षा थोडी जास्त लांब, मनगटाएवढी जाड फोड बरी. तुमच्या ड्रममध्ये विस्तव मांसाच्या थेट खाली असतो, हवाही मोजकी मिळते, तिथं लांब फोड नीट जळतच नाही. तुम्ही मुठीएवढे ठोकळे करा. खाली बाभळीच्या कोळशाचा विस्तव आणि त्यावर संत्र्याचे तीन-चार ठोकळे, एवढ्यावर मांडी होते. बाभूळ, चिंच ओली असताना कुऱ्हाडीनं सहज फुटते, वाळल्यावर पाचर आणि घन घेऊनही दमवते. हेही लगेच फोडायचं एक कारण.

जानेवारीत फोडलेली मनगटाएवढी बाभूळ एप्रिल संपता संपता तयार होते. सुबाभूळ त्याच्याही आधी. संत्र्याचं लाकूड घट्ट आणि बारीक रेषेचं, ते मे अखेरपर्यंत राहू द्यावं. न फोडलेला मांडीएवढा ओंडका मात्र एका उन्हाळ्यात आतून वाळत नाही, आणि तुमचं गणित तिथंच चुकलं.

रचायला जागा निवडताना आधी जमीन बघा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रचलेली रास खालून ओल ओढते आणि एका बाजूला कलते. म्हणून चार-सहा बोटं मुरूम टाकून चोपून घ्या, त्यावर दगड किंवा विटांच्या ओळी आणि त्यावर आडवे बांबू. जमिनीपासून वीतभर उंची हवी. जुने रेल्वेचे स्लीपर कुठं मिळाले तर ते या कामाला घेऊ नका. लाकडी स्लीपरला क्रियोसोट पाजलेलं असतं, त्याचा तुकडा चुकून जळणात गेला तर संपूर्ण मांस फेकावं लागेल.

रास एकेरी ओळीची आणि कमरेएवढी उंच. दोन ओळी एकमेकींना चिकटवल्या की मधल्या लाकडाला वारा लागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो, म्हणून ओळ उत्तर-दक्षिण लावा, तो आरपार जाईल. फोडीची साल वर करायची, म्हणजे अवकाळीचा एखादा सडाका आला तर पाणी सालीवरून ओघळून जातं. फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुम्हाला वेगळी सांगायला नको, संत्रावाल्यांना ती पाठ आहे. या काळात राशीच्या फक्त माथ्यावर टिन टाकून दगड ठेवा. बाजू उघड्याच असू द्या. कोठ्याची भिंत जवळ असेल तर हातभर जागा सोडा, आणि कुटाराच्या ढिगापासून व कडब्याच्या गंजीपासून रास लांबच ठेवा. मेमध्ये एक ठिणगी सगळं घेऊन जाते.

मे अखेरचा नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की लाकूड छपरीत हलवायची तयारी करा. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, पाऊस पश्चिमेकडच्या बुलडाणा-अकोल्यापेक्षा बराच जास्त पडतो. तिकडच्या मंडळींनी मृगाची वाट बघू नये. छपरी साधी असली तरी चालते: चार खांब, वर टिनपत्रे, पुढं-मागं दोन-दोन फूट बाहेर आलेला उतार. पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला बांबूचा तट्ट्या किंवा जुनं टिन उभं करा. पूर्वेची बाजू पूर्ण उघडी. तट्ट्याही जमिनीपासून आणि छतापासून थोडा सोडून लावा, म्हणजे हवा खेळती राहील.

इथं एक गोष्ट सांगतो, जी पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेनं वाळलेलं लाकूड बिघडत नाही. लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेतं. मेच्या दुपारची हवा कायम राहिली तर ते चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरेल. श्रावणात हवेचा दमटपणा ८०-८५ टक्के असतो, त्या हवेत लाकूड कितीही दिवस ठेवलं तरी साधारण १६ ते १८ टक्क्यांवर येऊन थांबतं. म्हणजे स्मोकरला जेवढी ओल हवी तेवढीच. मेमध्ये वाळवलेलं लाकूड छताखाली उघड्या हवेत ठेवलं तर आखाडापासून कार्तिकापर्यंत ते त्याच्या सगळ्यात चांगल्या अवस्थेत असतं, आपण काहीही न करता. बिघडतं ते तीन वाटांनी: छतातून गळणारं पाणी, जमिनीवरून उडणारे शिंतोडे आणि खालून चढणारी ओल. या तीन वाटा बंद करा आणि हवेला घाबरू नका.

मेनकापड उलटं करतं. ओंडक्याच्या आत राहिलेली ओल उन्हानं वाफ होऊन बाहेर येते, कापडाच्या आतल्या बाजूला दव बनून साचते आणि रात्री पुन्हा लाकडावरच गळते. बाहेर थेंब पडला नाही तरी आत लाकूड भिजत राहतं. मग बुरशी येते. पांढरी, हिरवी, काळी कुठलीही बुरशी धरलेलं किंवा कुजका, आंबूस वास येणारं लाकूड मांसाला वापरू नये. पुसून, उन्हात टाकून ते सुधारत नाही, बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात.

मेचा उलटा प्रश्नही आहे. तेव्हा लाकूड इतकं कोरडं असतं की विस्तवावर टाकताच भडका घेतं, ड्रमचा पारा एकदम चढतो आणि धूर मिळतच नाही. अशा वेळी लोक ठोकळे पाण्यात भिजवतात. त्याचा उपयोग नाही. घट्ट लाकडात तास-दोन तासांत पाणी जेमतेम वरच्या पापुद्र्यात शिरतं. ते उडून जाईपर्यंत वाफ निघते, तिला आपण धूर समजतो, आणि मग आतलं कोरडं लाकूड पूर्वीसारखंच पेटतं. त्यापेक्षा मेमध्ये ठोकळे जरा मोठे घ्या, एका वेळी एकच टाका आणि रास सावलीत हलवा. बादलीभर लाकूड रात्री माठाच्या खोलीत ठेवलं तरी थोडा फरक पडतो.

वाळलं की नाही हे ओळखायला मी आधी कान वापरतो. दोन फोडी एकमेकींवर आपटा. वाळलेल्या ठणकन वाजतात, ओल्या थपकन. टोकाच्या भेगा, सुटलेली साल, हातातलं वजन ही सगळी लक्षणं खरी आहेत, पण ती बाहेरच्या थराची. तुमच्या ओंडक्यांनाही भेगा असतीलच. म्हणून फोड मधून तोडून आतल्या ताज्या भागाला गाल लावून बघा, गार लागला तर आत ओल आहे. दोन पिनांचा ओलमापक मीटर मिळतो, तो घेतलात तर उत्तम, फक्त त्याच्या पिना वरच्या थरातच रुततात. त्यामुळे मोजमाप नेहमी नुकत्याच फोडलेल्या आतल्या बाजूचंच घ्या. ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. मीटर नसेल तर राशीतल्या दोन-तीन फोडींना खडूनं खूण करा आणि दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत ते लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

टालावरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, विकत घेताना हे वजन खिशाला लागतं. लाकूड क्विंटलवर मिळतं. ६० टक्के ओल असलेल्या एका क्विंटलमध्ये साडेसदतीस किलो नुसतं पाणी असतं, आणि त्याचेही पैसे आपण लाकडाच्या भावानं मोजतो.

आता कोणतं लाकूड. तुमच्याकडे संत्रा आहे, हे भाग्यच. कोंबडीला आणि मासळीला त्याच्याइतका सौम्य, गोडसर धूर आपल्या भागात दुसऱ्या कुठल्या झाडाचा मिळत नाही, असं माझं मत. पण बागेचं लाकूड म्हणजे औषधं पाजलेलं लाकूड, हे विसरू नका. संत्र्याच्या बुंध्याला आपण दरवर्षी बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत. मोरचूद म्हणजे तांबं. ती निळसर साल विस्तवात गेली तर तिचा धूर आणि राख दोन्ही अन्नाजवळ नकोत. म्हणून पेस्ट लागलेला बुंध्याचा भाग वेगळाच काढा, साल सोलूनही तो मांसासाठी वापरू नका. लाकूड भरपूर असताना जोखीम कशाला घ्यायची? दुसरं, साल खाणाऱ्या अळीची भोकं. अळीच्या भोकात पेट्रोलचा किंवा कीटकनाशकाचा बोळा घालून वर माती लिंपायची शिफारस सगळे पाळतात. असे लिंपलेले तुकडे बाजूला टाका. डिंक्या रोगानं डिंक साचलेला भाग छाटून टाका, तो फसफसत काळा धूर देतो. उरलेल्या जाड फांद्यांची साल काढा, कारण फवाऱ्याचं औषध सालीवर बसतं. बारीक डहाळ्या घेऊच नका.

बाभूळ आपल्याकडची राणी. विस्तव जड, टिकाऊ, राख कमी. तिचा धूर मात्र उग्र आहे, बकऱ्याच्या मटणाला शोभतो, मासळीला नाही. साल काढूनच वापरा, बाभळीची साल टॅनिननं भरलेली असते आणि तिचा धूर तुरट लागतो. हिवर तिच्याच स्वभावाचा. बोर आणि पेरू ही दोन्ही फार चांगली लाकडं, छाटणीत मिळतात, कुणी जपून ठेवत नाही याचं मला वाईट वाटतं. आंब्याचा धूर सौम्य, पण त्याच्या सालीत चीक असतो, तो पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू नका. चिंचेचा विस्तव फार तेज, लहान ड्रमला सांभाळवत नाही. धावडा मिळाला तर कोळशासाठी उत्तम. सुबाभूळ हंगाम भागवायला बरी, चवीत विशेष नाही.

काही लाकडं कधीच नकोत. बिब्याच्या धुरानं अंगावर, डोळ्यांवर फोड येतात, जंगलातून आणलेल्या मिश्र मोळीत त्याचा तुकडा येऊ शकतो, म्हणून मोळी ओळखीच्याच माणसाकडून घ्या. कण्हेर, रुई, थोर ही विषारी चिकाची झाडं. सलई राळेची, तिचा सुगंध देवापुढे, मटणावर नाही. निलगिरीत तेल, कडुलिंबाचा धूर डासांसाठी. सुताराकडचा सागाचा भुसा, प्लायवूड, रंगवलेली चौकट, पेटाऱ्यांच्या फळ्या, यांपैकी काहीच नको. आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. घरोघरी ती जळणाला असते, लवकर पेटते, पण कपाशीवर किती फवारे होतात ते आपल्याला माहीत आहे. स्मोकरमध्ये चेतवणीलाही ती घेऊ नका. चेतवायला त्याच लाकडाच्या बारीक झिलप्या काढून डब्यात भरून ठेवा. रॉकेल, टायरचा तुकडा तर अजिबात नाही.

तोडण्याआधी एक बघा. झाडं तोडण्याबाबतचा राज्याचा कायदा १९६४ चा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, ऐन अशी झाडं येतात. ती स्वतःच्या धुऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मोह तर परवानगी मिळाली तरी तोडू नये, त्याच्या फुलांवर किती घरं उन्हाळा काढतात. लाकूड गाडीतून न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं वनरक्षकाला आधी विचारून घ्या.

रास रचली की तिच्यात इतर जीव राहायला येतात. उदईसाठी लोक राशीखाली कीटकनाशक ओततात. ते इथं करू नका, ते औषध लाकडात चढतं आणि तुमच्या मांसावर येतं. वीतभर उंची आणि मुरूम असला की उदईची मातीची नळी दगडावर लगेच दिसते, आठवड्यातून एकदा ती काडीनं मोडून टाका. घुण लागला तर राशीखाली पिवळसर पिठी पडते. तो सालीजवळच्या मऊ लाकडात शिरतो, म्हणून साल काढलेल्या लाकडाला त्रास कमी. असं लाकूड आधी वापरून संपवा. विंचू, मण्यार, घोणस पावसाळ्यात कोरडी जागा शोधत येतात. रात्री लाकूड काढायला जाऊच नका, दिवसाच लागेल तेवढं काढून ठेवा. काढताना वरच्या थरातून घ्या, आधी काठीनं हलवा, हातमोजे आणि बूट घाला. काही चावलंच तर कुठंही न थांबता सरकारी दवाखाना गाठा. मण्यारच्या चाव्याला सूज नसते म्हणून घरी थांबलेली माणसं दगावतात.

करीच्या आदल्या दिवशी लागणारं लाकूड छपरीतून घरात आणा. चुलीच्या वर माच असेल तर त्यावर ठेवा, नसेल तर स्मोकर तापताना ठोकळे झाकणावर मांडा, वरची ओल उडून जाते. लक्ष मात्र असू द्या, तिथंच ते पेटूही शकतात. विस्तव चालू असताना उष्णता कमी करायची तर खालची हवा थोडी आवळा, वरचं धुराडं कधीच बंद करू नका. धूर आत कोंडला की कोरड्या लाकडाचाही कडू होतो.

आता तुमच्या आजच्या राशीचं. मेनकापड आजच काढा. ओंडके वेगळे करा: निळसर सालीचे बुंधे एका बाजूला, बुरशी धरलेले दुसऱ्या बाजूला, ही दोन्ही मांसासाठी बाद. बुंधे चुलीतही घालू नका, त्यांची राख भांड्यांना आणि भाजीच्या वाफ्याला जायला नको. उरलेले चांगले ओंडके पावसाची उघडीप बघून फोडा, साल काढा, ठोकळे करा आणि कोठ्याच्या छपरीत बांबूंवर एकेरी रचा. ऑक्टोबरची हीट त्यांना बरीच ओढेल. दिवाळीनंतर तीन-चार ठोकळे मधून तोडून आत मीटर लावा. वीसच्या खाली आले तर हिवाळ्यात सुखानं वापरा. नाही आले तर पुढच्या मेपर्यंत हात लावू नका, तोवर टालावरून बाभळीची कोरडी फोड आणा, आणि क्विंटलचे पैसे द्यायच्या आधी एक ओंडका तिथंच फोडून दाखवायला सांगा.